शाळेच्या हॉलमध्ये साउंड आणि प्रोजेक्टर बसवताना कोटेशन उलट बाजूने वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेचा हॉल २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच. एका टोकाला ४ मीटर खोलीचं स्टेज, तेही त्या २० मीटरमध्येच. समोर ३०० मुलं बसतात. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये १५ इंची दोन स्पीकर, १००० वॅटचा अॅम्प्लिफायर, चार कॉर्डलेस माइक, ५००० लुमेनचा प्रोजेक्टर आणि शेवटी ‘वायरिंग व इतर साहित्य’ अशी एक ओळ आहे. एवढ्यात भागेल का आणि काम कोणत्या क्रमाने करून घ्यावं, हे तुम्हाला हवंय.

यादीतली एकही वस्तू टाकाऊ नाही. पण यादी डब्यांपासून सुरू होते, वायर शेवटी एका ओळीत येते आणि हॉलचा तर तिच्यात उल्लेखच नाही. निर्णय घ्यायची दिशा याच्या बरोबर उलट असते. शेवटच्या रांगेतल्या मुलाला काय ऐकू यायला हवं, काय दिसायला हवं, ते आधी ठरवायचं. तिथून मागे येत हॉल, स्पीकर, पडदा, माइक, वायर आणि सगळ्यात शेवटी कंपनी आणि मॉडेल. या क्रमाने गेलात तर यादीतल्या काही गोष्टी लहान होतील, काही वाढतील.

आधी हॉल. तो रिकामा असताना मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. ‘टप्प’ असा आवाज होऊन लगेच संपला तर नशीबवान आहात. बहुतेक शाळांमध्ये फरशी, प्लास्टर, स्लॅब आणि काचा असा सगळा कडक पृष्ठभाग असतो, आणि टाळी चांगली तीन-चार सेकंद फिरत राहते. आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने खाली यायला जो वेळ लागतो त्यावरून हॉल किती घुमतो ते मोजतात. हिशोबाचं सूत्र साधं आहे: हॉलचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले हॉलमधलं एकूण शोषण, म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या किती चौरस मीटर पृष्ठभागाइतका आवाज हॉल गिळतो तो आकडा. हे सूत्र वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने काढलं. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळेना, म्हणून १८९५ मध्ये ते काम त्याच्या गळ्यात पडलं. शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या आणि आवाज किती लवकर विरतो ते मोजायचं, असा त्याचा उद्योग चालायचा. अॅम्प्लिफायरचा जमानाच नव्हता, त्यामुळे खोली सुधारण्यावाचून इलाज नव्हता. आज इलाज आहे असं वाटतं, म्हणून खोलीकडे कुणी बघत नाही.

तुमच्या हॉलचं घनफळ १४४० घनमीटर. भिंती, छत, फरशी, खिडक्या, स्टेजचे पडदे हे सगळं मिळून शोषण साधारण ६० चौरस मीटर धरू. म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये आवाज ३.९ सेकंद घुमणार. बसलेलं एक मूल साधारण ०.३५ चौरस मीटर शोषण देतं. ३०० मुलं आली की १०५ ची भर पडते आणि वेळ १.४ सेकंदांवर येतो. बोलणं नीट कळायला एवढ्या आकाराच्या हॉलमध्ये तो १ सेकंदाच्या आसपास असावा. म्हणजे भरलेला हॉल कसाबसा चालेल. पण एका वर्गाची तालीम किंवा साठ पालकांची सभा घेतली की पुन्हा २.९ सेकंद. तिथे कितीही भारी स्पीकर लावा, एक शब्द पुढच्या शब्दावर चढणारच. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. ‘आवाज मोठा आहे पण कळत काहीच नाही’ ही तक्रार बहुधा इथून येते.

आता समजा ९० चौरस मीटर भिंतीवर चांगले शोषक पॅनेल लावले. ५० मिलिमीटर जाडीची रॉकवूल किंवा ग्लासवूल, वर कापड, मागे थोडी पोकळी. अशा पॅनेलच्या एका चौरस मीटरचं शोषण मधल्या सुरांच्या पट्टीत सहज ०.८ असतं. झाकलेल्या भिंतीचा वाटा वजा जाता हाती ६८ ची भर लागते. भरलेला हॉल १ सेकंदावर येतो, साठ माणसांचा १.६ वर. एवढा फरक कुठलाच अॅम्प्लिफायर पाडत नाही. पॅनेलची पहिली जागा म्हणजे स्टेजच्या समोरची मागची भिंत, कारण तिथून आपटून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. मग बाजूच्या भिंतींचा वरचा भाग. मुलं हॉलमध्ये चेंडू खेळत असतील तर दोन मीटरच्या वरच लावा, नाहीतर महिन्याभरात खड्डे पडतील. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला अजूनही कुणीतरी देतंच, त्याचा काडीचा उपयोग नाही. पातळ स्पंजही नको. तो फक्त वरचे सूर खातो, त्यामुळे आवाज दबका वाटतो पण घुमणं थांबत नाही, आणि साधा स्पंज आग लागली तर भडकतो. पॅनेल आणि पडदे दोन्हींसाठी आगरोधक असल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. शाळा आहे, तिथे तडजोड नको.

पंखे आणि एसी चालू करून, गप्प बसून ऐकणं हाही याच टप्प्यातला भाग. मुलांच्या कानाशी बोलणं त्या घरघरीपेक्षा निदान १५ डेसिबलने वर असायला हवं. करकरणारा पंखा दुरुस्त करणं हे साउंडचंच काम समजा.

आता स्पीकर. उघड्यावर, म्हणजे भिंतींचा परिणाम बाजूला ठेवला तर, अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर स्पीकर ठेवले तर पहिली रांग त्यांच्यापासून अडीच मीटरवर आणि शेवटची १५ मीटरवर येते. सहापट अंतर, म्हणजे जवळजवळ १६ डेसिबलचा फरक. मागच्यांना ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की पुढची मुलं कानावर हात ठेवतात. याचं उत्तर मोठ्या स्पीकरमध्ये नाही, त्याच्या जागेत आहे. स्पीकर वर घ्या, साधारण ४ ते ४.५ मीटरवर, आणि खाली झुकवून त्यांचं तोंड मागच्या एकतृतीयांश भागातल्या डोक्यांकडे करा. मग पहिली रांग स्पीकरच्या मुख्य झोतातून खाली सुटते, तिला आपोआप कमी आवाज मिळतो. झोत मागच्या भिंतीवर किंवा छताकडे जाऊ द्यायचा नाही. तिकडे गेलेला प्रत्येक डेसिबल घुमून परत येतो.

घुमणाऱ्या हॉलला १५ इंची डब्यांपेक्षा कॉलम स्पीकर बरे पडतात, असं माझं मत. उंच, अरुंद खोक्यात एकावर एक लहान स्पीकर असले की आवाज आडवा पसरतो पण उभा फारसा पसरत नाही. छत आणि फरशी वाचते. निदान मीटरभर उंचीचा कॉलम घ्या. फूटभराचा शोभेचा कॉलम दिसायला कॉलम असतो, काम मात्र साध्या डब्याचंच करतो.

आणि वॅटचं काय? हिशोब करून बघा. एक वॅटवर एक मीटर अंतरावर ९६ डेसिबल देणारा स्पीकर १५ मीटरवर ७२.५ डेसिबल देतो. बोलण्यासाठी सरासरी ७५ हवेत आणि शब्दांच्या ठोक्यांना वर १५ ची मोकळीक हवी, म्हणजे ९०. साडेसतरा डेसिबल वाढवायला लागतात साधारण ५६ वॅट. फक्त ५६! गॅदरिंगच्या नाचाला यापेक्षा १० डेसिबल जास्त हवेत असं धरलं तर दहापट, म्हणजे साधारण ५६० वॅट. तेव्हा १००० वॅट नाचासाठी ठीक आहे, पण प्राचार्यांचं भाषण न कळण्याशी वॅटचा काही संबंध नाही. नाचाची ताकद वेगळी मिळावी म्हणून एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर, स्टेजखाली ठेवा आणि बोलण्याच्या माइकसाठी १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. त्या भागात शब्द नसतात, असते ती धडधड आणि माइक हाताळल्याची खडखड.

तुमच्या हॉलला मध्यावर आणखी एक जोडी लागू नये. हॉल याहून लांब असेल किंवा बाल्कनी असेल तर लागते, आणि मग तिला डिले द्यावाच लागतो, म्हणजे तिचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडावा लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मधली जोडी १० मीटर पुढे असेल तर पुढचा आवाज तिथे पोचायला २९ मिलिसेकंद लागतात. त्यात वर १० मिळवून साधारण ४० चा डिले ठेवला की मागच्या मुलाला आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो, कारण कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा धरतो. डिले न देता बसवलेले मधले स्पीकर बोलणं गढूळ करतात. त्यापेक्षा ते नसलेले बरे.

माइकची शिट्टी हा शाळांमधला सगळ्यात जुना आजार. कुणीतरी ‘फीडबॅक मारणारं यंत्र’ विकायला येईल. त्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, माइक स्पीकरच्या रेषेच्या मागे आहे का? पोडियम स्टेजच्या पुढच्या काठावर आणि स्पीकर त्याच्या मागच्या भिंतीवर असेल तर जगातलं कुठलंच यंत्र वाचवणार नाही. दुसरी, तोंड माइकपासून किती लांब? ५ सेंटिमीटरवरून ३० वर गेलं की १५-१६ डेसिबल हातातून जातात, आणि ते भरून काढायला ऑपरेटर जो आवाज वाढवतो तोच शिट्टी बनतो. लाजणारी मुलगी माइक छातीशी धरून कविता म्हणते तेव्हा दोष यंत्रणेचा नसतो. तिला माइक हनुवटीशी धरायला शिकवणं हे कुठल्याही महागड्या प्रोसेसरपेक्षा परिणामकारक आहे. तिसरी, किती माइक उघडे आहेत? उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. एकाऐवजी चार उघडे ठेवले की ६ गेले. चर्चासत्रात पाच जण बसले असतील तर बोलणाऱ्याचाच माइक वर ठेवणारा ऑटोमिक्सर उपयोगी पडतो. आजकालच्या बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये (सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रात) तो आत असतोच, फक्त कुणी चालू करत नाही.

चार कॉर्डलेसऐवजी मी अशी वाटणी करीन: पोडियमला वायरचा गूजनेक (वाकवता येणाऱ्या दांड्यावरचा) कंडेन्सर, दोन वायरचे हातातले डायनॅमिक (विजेशिवाय चालणारे), दोन कॉर्डलेस हातातले आणि दोन कॉर्डलेस हेडवर्न. गूजनेकला मिक्सरमधून माइकच्याच वायरीतून येणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, लागते, ते बटण दाबलेलं नसेल तर माइक ‘मेला’ असं समजून परत पाठवला जातो. वायरचा माइक मुद्दाम ठेवा. बॅटरी संपली, फ्रीक्वेन्सी भांडल्या तरी तो चालतो. शुअर एसएम५८ हे डायनॅमिक माइकचं मॉडेल १९६६ पासून बाजारात आहे, आणि मुलांच्या हातून पडूनही टिकणारे असे माइक अजून चांगलेच मानले जातात. कॉलर माइक नाटकाला घेऊ नका. तो तोंडापासून वीतभर खाली असतो, मुलाने मान वळवली की आवाज गायब. गालाजवळ येणारा हेडवर्न घ्या आणि मुख्य पात्रांमध्ये फिरवा. बाकीच्यांसाठी स्टेजच्या काठावर दोन-तीन बाउंड्री माइक (जमिनीवर सपाट ठेवायचे) चालतात, पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको, आणि ज्या तुकडीने पाय आपटत नाच करायचाय तिच्या वेळी ते बंद ठेवायला विसरू नका.

कॉर्डलेसचा रिसीव्हर किंवा निदान त्याचा अँटेना स्टेजजवळ, नजरेच्या रेषेत हवा. लोखंडी कपाटात बंद केलेला रिसीव्हर तालमीत चालतो आणि कार्यक्रमाला अडखळतो, कारण मधे ३०० माणसं येतात आणि माणसाचं शरीर रेडिओ लहरी अडवतं. स्वस्त सेट बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तीच पट्टी वायफाय आणि ब्लूटूथची. रिकाम्या हॉलमध्ये चाचणी उत्तम होते, मग पालक खिशात फोन घेऊन येतात. यूएचएफ, म्हणजे त्याहून खालच्या वेगळ्या रेडिओ पट्टीवरचे सेट घ्या, आणि ती फ्रीक्वेन्सी तुमच्या देशात वापरायला परवानगी आहे ना, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

आता डोळ्यांचं. शेवटचा मुलगा पडद्यापासून १८ मीटरवर आहे. मजकूर वाचायचा असेल तर पडद्याची उंची या अंतराच्या सहाव्या भागाइतकी असावी, म्हणजे ३ मीटर. १६:९ च्या प्रमाणात रुंदी ५.३३ मीटर, क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. खालची कड जमिनीपासून २ मीटरवर ठेवली की पुढच्यांची डोकी आड येत नाहीत आणि वरची कड ५ मीटरवर, छताच्या आत बसते.

लुमेन म्हणजे प्रोजेक्टरचा एकूण उजेड, लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा. ५००० लुमेन भागिले १६, म्हणजे पडद्यावर ३१२ लक्स. हे पुरेसे आहेत की नाहीत, ते पडद्यावर दुसरा उजेड किती पडतो त्यावर ठरतं. खिडक्या उघड्या आहेत आणि पडद्यावर बाहेरचा ३०० लक्स उजेड पडतोय, तर पांढऱ्या आणि काळ्यातला फरक ६१२ भागिले ३००, जेमतेम २:१. चित्र धुऊन काढल्यासारखं दिसेल. ‘मग १०,००० लुमेनचा घ्या’ असं कुणी म्हणेल. केलात खर्च, तर फरक होईल ३:१. त्याऐवजी खिडक्यांना जाड पडदे लावून उजेड ५० लक्सवर आणला तर तोच ५००० लुमेनचा प्रोजेक्टर ७:१ देतो, जे नुसतं बघायला पुरतं. पडद्यासमोरचे दिवे वेगळ्या बटणावर घेऊन २० लक्सवर आणलंत तर जवळजवळ १७:१, म्हणजे आकृत्या आणि तक्तेही नीट वाचता येतील. तेव्हा हॉलच्या दिव्यांची वायरिंग पुढे, मधे, मागे अशी तीन भागांत करून घ्या. मुलांच्या डोक्यावरचे दिवे चालू राहतील आणि पडद्यावरचे बंद. हे काम इलेक्ट्रिशियनचं आहे म्हणून साउंडवाल्याच्या कोटेशनमध्ये ते कधीच नसतं.

लुमेनचा आकडा आयएसओ २१११८ या प्रोजेक्टरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजलेला आहे का ते विचारा. नुसतं ‘एलईडी लुमेन’ असं लिहिलेले मोठमोठे आकडे सोडून द्या. पांढऱ्या रंगाबरोबर रंगीत चित्राचा उजेडही विचारा, काही प्रोजेक्टरमध्ये तो बराच कमी असतो. लेझरचा प्रोजेक्टर घ्यायचा की दिव्याचा? छतावर, शिडी लावून पोचावं लागणाऱ्या जागी लेझरच. त्याचं आयुष्य सहसा २०,००० तास सांगतात, दिवा काही हजार तासांत बदलावा लागतो. लेन्सचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून ८ मीटरवर येईल. ती जागा कागदावर खुणावून वर बघा: तिथून पडद्यापर्यंत पंखा लटकतोय का? पात्यांमधून गेलेला झोत सगळ्या चित्राला लुकलुकवतो. हे बसवून झाल्यावर लक्षात आलेली ठिकाणं कमी नाहीत. प्रोजेक्टर तिरका लावून कीस्टोनने चित्र चौकोनी करण्यापेक्षा लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता फक्त लेन्स सरकवायची सोय) असलेलं मॉडेल घ्या, कीस्टोन पिक्सेल खातो. एलईडी वॉलचा मोह होत असेल तर वजन, वीज आणि दुरुस्तीला कोण येणार हे तिन्ही प्रश्न आधी सोडवा. उजेडाचा प्रश्न ती नक्की संपवते.

जाता जाता शिक्षकांसाठी: १८ मीटरवरून वाचता यायला पडद्यावरचं अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच हवं, म्हणजे स्लाइडच्या उंचीचा तिसावा भाग. आख्खं पान स्कॅन करून दाखवलं तर दोष प्रोजेक्टरला देऊ नका.

‘वायरिंग व इतर साहित्य’ या ओळीची फोड मागा. स्पीकर पंचवीस वर्षांत दोनदा बदलतील, भिंतीतली वायर तीच राहणार आहे. रंगकामाच्या आधी पाइप टाकून घ्या, मोठ्या मापाचे, आणि प्रत्येकात एक ओढदोरी सोडून ठेवा. माइकच्या वायरी आणि विजेच्या वायरी वेगळ्या पाइपांत, निदान ३० सेंटिमीटर अंतराने. ओलांडावंच लागलं तर काटकोनात. माइकची वायर एक्सएलआर जोडणीची, बॅलन्स्ड. तीत दोन तारांवर तोच सिग्नल उलटसुलट जातो आणि वाटेत घुसलेली गुणगुण दुसऱ्या टोकाला कटते. त्यामुळे ५०-१०० मीटरही चालते. लॅपटॉपची हेडफोनच्या जॅकची वायर ५ मीटरपलीकडे नेऊ नका.

स्पीकरची वायर जाड हवी. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर किलोमीटरला साधारण १२ ओहम रोध देते. ४० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर, जवळपास १ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरला ही वायर लावली तर पाचवा हिस्सा व्होल्टेज वायरच खाते, २ डेसिबल गेले. २.५ किंवा ४ ची घ्या, किंवा अॅम्प्लिफायरचा रॅकच स्पीकरजवळ आणा. आणि वायर आली की एक तुकडा कापून ब्लेडने तार खरवडा. लालसर थराखाली चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे. रीळच परत पाठवा. हीच परीक्षा कॅट ६ केबललाही लागू.

प्रोजेक्टरपर्यंत लांब एचडीएमआय केबल भिंतीत गाडू नका. साधी केबल १०-१५ मीटरपर्यंत १०८० पिक्सेलचं चित्र नेते, ४के असेल तर त्याआधीच थकते. कॅट ६ या नेटवर्क केबलवरून एचडीबेसटी (एचडीएमआयचं चित्र अशा केबलवरून नेणारी पद्धत) वापरलं तर १०० मीटरपर्यंत जाता येतं, आणि केबल बिघडली तरी ओढदोरीने नवी टाकता येते. दोन कॅट ६ जास्तीच्या टाका. त्या कधी लागतील ते आज सांगता येणार नाही, पण लागतात.

विजेबाबत हट्ट धरा: मिक्सर, अॅम्प्लिफायर, प्रोजेक्टर आणि स्टेजवरचे साउंडचे प्लग एकाच फेजवर, वेगळ्या एमसीबीवर, एकाच चांगल्या अर्थिंगवर. लॅपटॉप जोडला की ‘भुंऽऽ’ असा आवाज येतो ना? चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर अर्थिंगची फेरी तयार झाली आहे. त्यावर उपाय म्हणजे सिग्नलच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स. काही ‘अनुभवी’ लोक थ्री-पिन प्लगची जाड पिन काढून टाकतात. गुणगुण जाते आणि मुलाच्या हातातल्या माइकमध्ये करंट यायची सोय होते. हे करणाऱ्याला दारातून परत पाठवा.

टांगण्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण इथे मतभेदाला जागा नाही. फॉल्स सीलिंगला काहीही टांगायचं नाही. बोल्ट स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये, सामानाच्या वजनाच्या निदान पाचपट क्षमतेचे, आणि प्रत्येक स्पीकरला, प्रोजेक्टरला स्वतंत्र जागी अडकवलेली दुसरी पोलादी सुरक्षा तार. खाली मुलं बसतात.

मिक्सर कुठे ठेवायचा? विंगेत किंवा काचेच्या खोलीत नाही. ऑपरेटरला तोच आवाज ऐकू यायला हवा जो मुलांना येतो, म्हणून हॉलच्या मागच्या भागात, मध्यापासून थोडं बाजूला. जागा अडते अशी तक्रार होईल, तर डिजिटल मिक्सर रॅकमध्ये ठेवून टॅब्लेटवर चालवा. रोजच्या वापरासाठी ‘प्रार्थना’, ‘भाषण’, ‘नाटक’ असे प्रीसेट करून घ्या आणि बाकीच्या सेटिंग्जना पासवर्ड लावा. शाळेत यंत्रणा चालवणारी माणसं बदलत राहतात. जी फक्त एकाच सरांना चालवता येते, ती सरांची बदली झाली की बंद पडते. श्रवणयंत्र वापरणारी मुलं असतील तर इंडक्शन लूपचा, म्हणजे माइकचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणाऱ्या तारेच्या वेढ्याचा, विचार फरशीच्या कामाआधीच करा. नंतर घालायला फरशी उकरावी लागते.

ताब्यात घेताना नुसतं ‘हॅलो, चेक’ नको. एका शिक्षिकेला पोडियमवरून शब्द वाचायला सांगा: काठ, खाट, गाठ, घाट, पाट, भात, दात, धाव, ताव, ठाव. क्रम उलटसुलट, मधे वाक्य नाही. वीसेक मुलं वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवून त्यांना ऐकलेलं लिहायला लावा. वाक्यात अर्थावरून अंदाज बांधता येतो, सुट्या शब्दात येत नाही. ख आणि घ कुठल्या कोपऱ्यात हरवतात ते कागदांवरून लगेच कळतं, आणि तिथला स्पीकर किती वळवायचा तेही. मग पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला, चाचणीसाठीचा सलग ‘खस्स’ आवाज) लावून फोनच्या मीटरने हॉलभर चाला. आकडा अचूक नसेल, पण जागोजागचा फरक ६ डेसिबलच्या आत आहे का हे कळेल. प्रत्येक सॉकेट, प्रत्येक माइक, प्रत्येक लॅपटॉपची जोडणी तपासल्याशिवाय सही करू नका. वायरी कुठून कुठे गेल्या त्याचा नकाशा आणि दोन्ही टोकांना लावलेली लेबलं हेही कामाचाच भाग आहे.

करारात एक कलम मात्र आवर्जून घाला: पहिल्या भरलेल्या कार्यक्रमाला इन्स्टॉलर हजर राहील आणि तेव्हा इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळ्या सुरांचं कमी-जास्त प्रमाण, पुन्हा लावेल. रिकाम्या हॉलमध्ये लावलेला इक्वलायझर ३.९ सेकंद घुमणाऱ्या खोलीसाठी असतो, पॅनेल लागली आणि मुलं आली की ती खोलीच दुसरी होते. भरलेल्यासाठी एक आणि तालमीसाठी एक, असे दोन वेगळे प्रीसेट त्याच दिवशी त्याच्याकडून सेव्ह करून घ्या, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.